पन्नास हजारांचा हप्ता, दहा लाखांचा विमा: सही करण्याआधी काय समजून घ्यावं

जिंतूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय 34, पाच एकर कोरडवाहू शेती, जोडीला लहानसं कृषी सेवा केंद्र, वर्षाची निव्वळ कमाई चार लाखांच्या आसपास. घरात पत्नी, सात आणि चार वर्षांची दोन मुलं, आई-वडील. ट्रॅक्टरचे चार लाख आणि पीककर्जाचे 1 लाख 60 हजार देणं बाकी. नात्यातल्या एजंटानं 20 वर्षांची, वर्षाला 50 हजार हप्त्याची, 10 लाख विमा रकमेची एन्डोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पॉलिसी सुचवली आहे. विचारणा अशी: शेवटी किती मिळतील, आणि घ्यावी का?

शेवटी किती मिळतील हे पुढे पाहू. त्याआधीचा प्रश्न असा, की उद्या तुम्ही नसाल आणि तुमच्या पत्नी बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, घेऊन विमा कार्यालयात गेल्या, तर त्यांच्या हाती किती पडेल आणि ते कशात अडकू शकेल. पॉलिसीतला प्रत्येक शब्द त्या खिडकीपाशी उभं राहून वाचला की बहुतेक गोंधळ आपोआप सुटतो.

आधी रक्कम काढा. घरखर्च महिन्याला 20 हजार धरला तर वर्षाचे 2 लाख 40 हजार. धाकटं मूल 22 वर्षांचं व्हायला 18 वर्षं आहेत, म्हणजे 43 लाख 20 हजार. (महागाई आणि सुरक्षित ठेवीचं व्याज साधारण एकमेकांना खातात असं धरून सरळ गुणाकार केला आहे, अंदाजाला तेवढा पुरतो.) त्यात देणं 5 लाख 60 हजार आणि मुलांच्या शिक्षणाचे, कार्याचे 10 लाख मिळवा. झाले 58 लाख 80 हजार. आता वजा करा: जमीन बटईनं दिली तर वर्षाला 60 हजार येतील असं धरलं, तर 18 वर्षांचे 10 लाख 80 हजार. उरले 48 लाख. म्हणजे तुमची गरज सुमारे 50 लाखांची आहे. दुकान पत्नी चालवू शकत असतील तर आकडा खाली येईल, आई-वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च मोठा असेल तर वर जाईल. तुमचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा.

सुचवलेल्या पॉलिसीत 10 लाख आणि तोपर्यंत जमलेला बोनस, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, मिळेल. पहिल्या दोन-चार वर्षांत काही घडलं तर 5 लाख 60 हजारांचं देणं फेडून हाती पाचेक लाख उरतील, म्हणजे दोन वर्षांचा घरखर्च. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी ही पॉलिसी इथेच तोकडी पडते.

आता परताव्याकडे या. एन्डोमेंटमध्ये बोनस दर हजारी जाहीर होतो. तो विमा रकमेच्या हजारावर असतो, भरलेल्या हप्त्यावर नाही. आणि तो सरळ वाढतो, बोनसवर बोनस मिळत नाही. हजारी 40 रुपये दर धरला तर 10 लाखांवर वर्षाला 40 हजार, 20 वर्षांत 8 लाख. मूळ 10 लाख मिळून 18 लाख. तुम्ही भरलेले 10 लाख, मिळाले 18 लाख, हे ऐकायला जवळपास दुप्पट वाटतं. पण पैसे दरवर्षी भरले गेले आहेत, हे लक्षात घेऊन वार्षिक दर काढला तर तो 5.3 टक्के येतो. शेवटच्या वर्षी काही पॉलिसींत जादा अंतिम बोनस मिळतो, त्यानं दर थोडा वर सरकतो. त्याची हमी मात्र नसते. तुमच्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा व्याजदर काढून बघा. तो याहून बराच जास्त असणार, आणि तसं असेल तर 50 हजार आधी तिकडे भरण्यात जास्त फायदा आहे.

दुसरा रस्ता असा. 50 लाखांचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन. यात मुदत संपेपर्यंत तुम्ही सुखरूप असाल तर काहीही परत मिळत नाही. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, त्याचा हप्ता कंपनीनुसार साधारण आठ-दहा हजारांच्या घरात बसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. आधी टर्म प्लॅनवर तो 18 टक्के होता, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले आकडे पाहून घाबरू नका. उरलेले 40 हजार दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, टाकले, सध्याचा 7.1 टक्के दर तसाच राहिला आणि 15 वर्षांनंतर खातं पाच वर्षांनी वाढवलं, तर 20 वर्षांनी सुमारे 17 लाख 75 हजार होतात. शेवटची रक्कम जवळपास तीच, मधल्या काळात विमा मात्र पाचपट. टर्म प्लॅनमध्ये पैसे वाया जातात असं म्हणणाऱ्यासमोर हा हिशोब ठेवा. एजंटाचं कमिशन हप्त्याच्या टक्केवारीत असतं हेही ध्यानात असू द्या. 50 हजारांच्या हप्त्याची शिफारस का होते, ते त्यातून कळतं. नात्यातला माणूस असला म्हणून हिशोब बदलत नाही.

एक मुद्दा एन्डोमेंटच्या बाजूनंही आहे: सक्तीची सवय. काही घरांत पैसा खरोखर पॉलिसीमुळेच टिकतो. पण ही सक्ती दुष्काळी वर्षात उलटते, आणि आपल्या भागात दुष्काळी वर्ष येणार हे धरूनच चालायला हवं. पीपीएफ त्या वर्षी 500 रुपये भरूनही चालू राहतं. 50 हजारांचा हप्ता चुकला तर वार्षिक, सहामाही किंवा तिमाही पद्धतीत 30 दिवसांची सवलत मिळते, मासिक पद्धतीत 15 दिवसांची. सवलतीच्या दिवसांत मृत्यू झाला तरी विमा लागू राहतो, फक्त थकलेला हप्ता वजा होतो. त्यानंतर पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते. टर्म प्लॅन असेल तर तिथून पुढे काहीच मिळत नाही. एन्डोमेंटमध्ये पॉलिसीच्या अटीप्रमाणे किमान हप्ते भरलेले असतील तर ती साधारणपणे पेड-अप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहते: 20 पैकी चार हप्ते भरले असतील तर 10 लाखांचा विमा 2 लाखांवर येतो, अधिक तोवर जमलेला बोनस. बाँड कपाटात तसाच दिसतो, त्यावर 10 लाखच छापलेलं असतं, आणि घरच्यांना खरा आकडा दावा करताना कळतो.

मध्येच पॉलिसी मोडली, म्हणजे सरेंडर केली, तर सुरुवातीच्या वर्षांत मोठा तोटा होतो. दुसऱ्या वर्षी मोडणाऱ्याला हमीचे म्हणून भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्केच मिळायचे. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी विशेष सरेंडर मूल्य द्यावं लागतं; आधीपेक्षा बरं, तरी सुरुवातीला भरलेलं सगळं परत येत नाहीच. लॅप्स पॉलिसी पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुन्हा चालू करता येते. थकलेले हप्ते, व्याज आणि तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं. युलिपला, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसीला, ही मुदत तीन वर्षांची. चालू करताना तब्येतीबद्दल जे लिहाल ते नव्या अर्जाइतकंच गंभीर समजा. का, ते पुढे येतंच आहे.

याच्याशी जोडलेली एक साधी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात: पॉलिसी सुरू होण्याची तारीख. ती ज्या महिन्यात पडते, त्याच महिन्यात दरवर्षी हप्ता येतो. मार्च अखेरीस कर वाचवायला घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता मार्चमध्येच येणार, तेव्हा पीककर्जाचं नवं-जुनंही चालू असतं. जूनमधला हप्ता बियाणं-खताशी भांडतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून पॉलिसी नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू केलेली सोयीची. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी कारखान्याची उचल हाती येते तो महिना धरावा. वार्षिक हप्ता मासिकापेक्षा एकूण स्वस्तही पडतो.

आता अर्ज. दावे नाकारले जातात ते मुख्यतः इथे पेरलेल्या चुकांमुळे. अर्ज बहुधा एजंट भरतो, आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहितो आणि तुम्ही ओटीपी सांगून मोकळे होता. तंबाखू, गुटखा, मिसरी, खर्रा यांतलं काहीही चालू असेल तर ते लिहाच. ‘धूम्रपान करत नाही’ म्हणजे तंबाखू खात नाही असा अर्थ होत नाही. अर्जात तंबाखूच्या कोणत्याही रूपाबद्दल विचारलेलं असतं आणि लघवीच्या तपासणीत निकोटिनचा अंश सापडतो. हप्ता दीडपटीच्या पुढे जाईल, जाऊ द्या. बीपीची गोळी, साखर, जुनं ऑपरेशन, दवाखान्यात भरती, आधीच्या सगळ्या पॉलिसी, आधी नाकारलेला एखादा प्रस्ताव, हे सगळं लिहा. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 45 असं सांगतं, की पॉलिसी सुरू होऊन, किंवा पुन्हा चालू केल्यापासून, तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनी चुकीच्या माहितीचं किंवा फसवणुकीचं कारण देऊन ती आव्हानात आणू शकत नाही. पण पहिल्या तीन वर्षांतल्या मृत्यूची चौकशी होते, दवाखान्याचे जुने कागद, औषधाची बिलंही मागवली जातात. लॅप्स पॉलिसी चालू केली की हा तीन वर्षांचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.

अर्जात आणखी तीन जागा स्वतः तपासा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना? पुष्कळदा एजंटाचा असतो, आणि हप्ता थकल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो. नाव आधार, पॅन आणि बँक पासबुकावर एकसारखं आहे ना? ‘बाई’, ‘राव’ जोडलेलं नाव एका कागदावर आणि नुसतं नाव दुसऱ्यावर, यात महिने जातात. तिसरी जन्मतारीख. गावाकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळेत तीच लिहिली. ती चालते, पण टीसी आणि आधारवर वर्ष तरी एकच हवं. वय चुकीचं निघालं तर दाव्याच्या वेळी योग्य वयाच्या हप्त्यानुसार रक्कम कमी-जास्त केली जाते, आणि या दुरुस्तीला तीन वर्षांच्या मुदतीचं संरक्षण नाही.

50 लाखांचा टर्म प्लॅन मागितला की कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल. शेतकरी इथे अडतो, कारण शेती उत्पन्न करमुक्त असल्यानं अनेक जण विवरणपत्र भरतच नाहीत. तुमचं दुकान आहे. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं भरलेली असतील, त्यात शेती उत्पन्नही दाखवलेलं असेल, तर काम सोपं होतं. तरुण अर्जदाराला वार्षिक उत्पन्नाच्या वीसपटीपर्यंत विमा मिळायला सहसा अडचण येत नाही. नुसता सात-बारा, 8 अ आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काही कंपन्या घेतात, काही घेत नाहीत. काही जण शिक्षणाचीही अट घालतात. अशा वेळी ‘सरल जीवन बीमा’ मागा. जानेवारी 2021 पासून विमा नियामकानं सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेला हा एकसारखा टर्म प्लॅन आहे: 18 ते 65 वय, 5 ते 25 लाखांचा विमा, शिक्षण, व्यवसाय किंवा राहण्याच्या ठिकाणाची अट नाही. पहिले 45 दिवस फक्त अपघाती मृत्यूला लागू. हप्ता साध्या टर्म प्लॅनपेक्षा जास्त पडतो. ऊसतोड मजूर, सालगडी, गवंडी यांच्यासाठीही हा दरवाजा उघडा आहे, एजंट मात्र स्वतःहून क्वचितच सांगतात.

मुदत साठीपर्यंत पुरे. 85 किंवा 99 वयापर्यंतचा टर्म प्लॅन विनाकारण महाग पडतो. हप्ते परत देणारा टर्म प्लॅन घेऊ नका. जास्त हप्ता घेऊन तोच बिनव्याजी परत केला जातो. मनी-बॅक म्हणजे तुकड्यांत परत येणारी एन्डोमेंट. युलिपमध्ये पैसा शेअर बाजाराशी बांधलेला आणि पाच वर्षं अडकलेला असतो. अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचे रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचे जादा विमे, मात्र स्वस्त असतात, मोटारसायकलवर रोज फिरणाऱ्यानं ते जोडावेत.

नॉमिनीचं नाव लग्नाआधी आईचं लावलेलं असतं आणि पुढे कुणी बदलत नाही. बदल एका साध्या अर्जानं होतो, आजच करा. 2015 नंतरच्या तरतुदीनुसार पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या हक्काची होते. म्हणून आईचं नाव राहिलं तर पत्नीला भांडूनही मिळेलच असं नाही, मग सासू-सुनेत कोर्टकचेरी. दोघींची नावं टक्केवारी लिहून लावता येतात. नॉमिनी 18 वर्षांखालचा असेल तर अपॉइंटीचं, म्हणजे त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं, नाव लिहावंच लागतं.

दुकानाची उधारी असलेल्यांसाठी आणखी एक. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली पॉलिसी घेतली तर ती पत्नी आणि मुलांच्या नावे विश्वस्त मालमत्ता होते आणि सावकार, बँक किंवा कंपनीचा वितरक त्या पैशावर जप्ती आणू शकत नाही, देणं बुडवण्याच्या हेतूनं ती घेतल्याचं सिद्ध झालं नाही तर. यासाठीचा वेगळा फॉर्म प्रस्ताव देतानाच भरावा लागतो, नंतर जोडता येत नाही. पुढे लाभार्थी बदलता येत नाहीत, हेही समजून घ्या. जादा खर्च काही नाही.

छोटी कवचं फुकटात सोडू नका. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला 436 रुपयांत 2 लाख मिळतात, 18 ते 50 वयात प्रवेश, 55 पर्यंत लागू. सुरक्षा विमा योजनेत 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. दोन्हींचं वर्ष 1 जून ते 31 मे. पैसे मे अखेरीस खात्यातून कापले जातात, आणि पेरणीच्या तोंडावर नेमकं तेव्हाच खातं रिकामं असतं. पैसे कापले गेले नाहीत तर विमा तुटतो, आणि पुन्हा जोडल्यावर जीवन ज्योतीत पहिले 30 दिवस अपघाताशिवायच्या मृत्यूला काही मिळत नाही. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. ट्रॅक्टरच्या कर्जासोबत किंवा बचत गटाच्या, मायक्रोफायनान्सच्या कर्जासोबत विम्याचे पैसे कापलेत का, तेही विचारा आणि विमा प्रमाणपत्राची प्रत मागा. कापले असतील तर कर्जदाराच्या मृत्यूनंतर ते कर्ज विम्यातून फिटायला हवं, पण प्रत घरात नसल्यानं विधवा बाई हप्ते भरत राहते.

बँकेत एफडी करायला गेलेल्या माणसाच्या हाती पॉलिसी येते, हा प्रकार तर रोजचा. ‘एकदाच भरायचे’ असं तोंडी सांगितलं जातं आणि बाँडवर हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं लिहिलेली असते. बाँड हाती आल्यापासून 30 दिवस ‘फ्री लूक’चे असतात, तेवढ्यात लेखी परत केला तर मुद्रांक, तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे वजा होऊन बाकी परत मिळतात. म्हणून बाँड आला त्याच रात्री विमा रक्कम, हप्ता, किती वर्षं भरायचा, मुदत कधी संपते आणि नॉमिनी, हे पाच आकडे-नावं वाचा. सोबत प्रस्ताव अर्जाची प्रत असते, तिच्यात आरोग्याची उत्तरं तपासा.

दाव्याच्या वेळी सगळ्यात आधी लागतो मृत्यूचा दाखला, आणि तो मृत्यू जिथे झाला तिथली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देते. कोल्हापूर किंवा बेळगावच्या फडावर ऊसतोड मजूर गेला तर दाखला त्या गावचा. गावी परतल्यावर आपल्या ग्रामसेवकाकडे मागून उपयोग नाही. नोंद 21 दिवसांत करायची असते, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. साप चावून, वीज पडून, विजेच्या धक्क्यानं किंवा अपघातात मृत्यू झाला असेल तर दुःखाच्या भरात शवविच्छेदन टाळू नका. पोलिसांत नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर मूळ विमा मिळेल, पण अपघाताचे जादा पैसे, सुरक्षा विम्याचे 2 लाख आणि मुंडे योजनेचे पैसे अडकतात. बाँड, नॉमिनीचं आधार, पॅन, पासबुक आणि दवाखान्याचे कागद जोडून शाखेत द्या आणि पोच घ्या. चौकशीची गरज नसलेला दावा 15 दिवसांत, चौकशी लागली तर 45 दिवसांत निकाली काढायचा नियम आहे.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी कार्यालय पुण्यात आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते, वकील किंवा शुल्क लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि त्याच विषयावर आधी ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलेले असाल तर लोकपाल तक्रार घेत नाही.